फोरजी राउटर बनवताय? जेएफएफएस२ की यूबीआयएफएस, क्यूएमआय की एमबीआयएम

लिनक्सवर फोरजी राउटर बनवताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: फ्लॅशवर कोणती फाइलसिस्टिम टाकायची (जेएफएफएस२ की यूबीआयएफएस) आणि मोडेमशी कोणत्या प्रोटोकॉलने बोलायचं (क्यूएमआय की एमबीआयएम). आधी बोर्डावरची स्टोरेज चिप बघा, फाइलसिस्टिमचा अर्धा निर्णय तिथेच होतो. ईएमएमसी (आतच कंट्रोलर असलेली फ्लॅश) असेल तर झीज, म्हणजे पुन्हापुन्हा लिहून ब्लॉक खराब होणं, आतला कंट्रोलरच सांभाळतो, सरळ ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम टाका. रॉ फ्लॅश (कंट्रोलर नसलेली) असेल तर ती लिनक्सला एमटीडी या वेगळ्या प्रकारचं उपकरण म्हणून दिसते, आणि तिच्यावर एमटीडीब्लॉक (तिला साध्या डिस्कसारखं दाखवणारा थर) लावून ईएक्सटी४ टाकायच्या भानगडीत प्लीज पडू नका, कारण त्यात खराब ब्लॉक कोणी बघत नाही आणि झीजही वाटली जात नाही.

रॉ फ्लॅशचे दोन प्रकार, छोटी नॉर आणि मोठी नँड. ८-१६ एमबीची नॉर चिप असेल तर जेएफएफएस२ बेस्ट, २००१ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे आणि नॉरवर लिहिलेलं लगेच चिपवर जातं. पण माउंट करताना ती सगळी चिप चाळते आणि इंडेक्स रॅममध्ये ठेवते, म्हणून १२८ एमबी नँडवर बूट रेंगाळतं, रॅमही खाते.

नँडला यूबीआयएफएसच घ्या. नोकिया आणि हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठाचं काम, २००८ ला कर्नल २.६.२७ मध्ये आलं. इंडेक्स फ्लॅशवरच राहतो आणि झीज, खराब ब्लॉक खालचा यूबीआय थर बघतो. तो काही ब्लॉक राखीव ठेवतो म्हणून छोट्या चिपवर मात्र परवडत नाही. अजून एक, हे मी स्वतः भोगलंय: यूबीआयएफएस डेटा थोडा वेळ रॅममध्येच ठेवते, मी कॉन्फिग सेव्ह केली, तेवढ्यात लाईट गेली आणि परत आल्यावर फाइल शून्य बाइटची. तेव्हापासून टेम्प फाइलमध्ये लिहायचं, एफसिंक करायचं (म्हणजे डेटा रॅममधून फ्लॅशवर उतरवायचा), मगच रीनेम.

आता मोडेम. जुना मार्ग म्हणजे 'ऑप्शन' नावाच्या ड्रायव्हरचा सिरीयल पोर्ट आणि त्यावर पीपीपी (सिरीयल लाइनवरून इंटरनेट चालवायचा प्रोटोकॉल), कुठेही चालतो पण छोट्या सीपीयूवर फोरजीचा स्पीड झेपत नाही, एसएमएस नाहीतर मीटर रीडिंगपुरता ठीक.

खरी निवड क्यूएमआय डब्ल्यूवॅन (कर्नल ३.४ पासून) आणि सीडीसी एमबीआयएम (३.८ पासून) या दोन ड्रायव्हरमधली. क्यूएमआय क्वालकॉमचं स्वतःचं, त्यामुळे ड्रायव्हरमध्ये मोडेमच्या आयडींची यादी ठेवावी लागते, नवीन मोडेम आणि जुना कर्नल असला की तो ओळखतच नाही. शिवाय नवीन मोडेम चिप फक्त रॉ आयपी (इथरनेट हेडरशिवाय नुसती आयपी पॅकेट) बोलतात, ते सेटिंग राहिलं तर मोडेम कनेक्टेड दाखवतो पण डीएचसीपीला (आयपी पत्ता मागणाऱ्या विनंतीला) उत्तरच येत नाही, यात लोकांचे दिवसच्या दिवस गेलेत. एमबीआयएम हे यूएसबीचं स्टँडर्ड आहे, ड्रायव्हर यूएसबी क्लास (उपकरणाचा प्रकार) बघूनच जोडला जातो, यादीची गरज नाही.

सिग्नल, बँड, सेल यांची माहिती क्यूएमआयमध्ये जास्त खोलात मिळते हे खरं, पण बऱ्याच क्वालकॉम मोडेममध्ये एमबीआयएमच्या आतूनही क्यूएमआय पाठवता येतं, म्हणून मी तरी सुरुवात एमबीआयएमनेच करा म्हणेन. बऱ्याच मोडेममध्ये एका एटी कमांडने (मोडेमला सिरीयल पोर्टवरून द्यायची सूचना) क्यूएमआय-एमबीआयएम मोड बदलतो, नंतर मोडेम रीस्टार्ट करायला विसरू नका.