ओजेएस: केल्टिक शोधनिबंध पाठवायची खिडकी, तालुक्याच्या गावातून पाहिलेली

शोधनिबंध परदेशी पाठवायचा म्हटलं की तालुक्याच्या कॉलेजात पहिला प्रश्न असतो, ‘पैसे किती?’ ओजेएस, म्हणजे ओपन जर्नल सिस्टम्स, हे नियतकालिकाकडे निबंध पाठवण्यापासून छापण्यापर्यंतचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने मोफत दिलेलं आहे आणि जगभरातली अनेक छोटी नियतकालिकं त्यावरच चालतात. नियतकालिकाचं शुल्क ही वेगळी बाब. ते ‘अबाउट’ पानावर आधी वाचा. तीन दिवसांत छापून देतो असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आला, तर तिथे काही पाठवूच नका. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा नियतकालिक पारखायचं काम आता आपल्याच गळ्यात आहे.

ओजेएसच्या ३.३ आवृत्तीत निबंध पाठवायचे पाच टप्पे आहेत: सुरुवात, फाइल, माहिती, खात्री, पुढे काय. ३.४ मध्ये मांडणी बदलली, काम तेच. सगळ्यात चांगली सोय म्हणजे अर्धवट अर्ज जपून राहतो. ३.३ मध्ये लाइन गेली तरी शेवटचं ‘सेव्ह अँड कंटिन्यू’ दाबलं तिथपर्यंतचं सगळं शाबूत मिळतं. त्यानंतर टाइप केलेलं मात्र जातं. म्हणून सारांश आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवा, मग चिकटवा. कीवर्ड लिहिल्यावर प्रत्येक वेळी एंटर दाबायचं. स्वल्पविराम दिले तर पाच शब्दांचा एकच लांबलचक शब्द होऊन बसतो. मोबाइलवरून हे करायच्या भानगडीत पडू नका.

फाइल वर्ड किंवा आरटीएफ. खरा घोळ इथेच होतो, आणि त्यात ओजेएसचा दोष नाही. निबंध डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला असेल, तर मराठी उतारे बहुधा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये असतात. ज्याच्या संगणकात तो फाँट नाही, त्याला नुसत्या अक्षरांची खिचडी दिसते. सगळं युनिकोडमध्ये बदला. ओघम या प्राचीन आयरिश लिपीचंही तसंच. उभ्या-आडव्या रेघा ओढून ती ‘काढू’ नका. युनिकोडमध्ये तिचा गट १६८० या क्रमांकापासून सुरू होतो: वर्डमध्ये १६८१ टाइप करून ऑल्ट-एक्स दाबलं की ‘बेथ’ उमटतं. विंडोज १० मध्ये सेगो यूआय हिस्टॉरिक फाँट ती दाखवतो. आयरिशमधली फादा, म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ, गाळू नका. एफ-ई-ए-आर म्हणजे पुरुष. त्यातल्या ई वर फादा चढली की गवत. वर्डमध्ये कंट्रोल आणि अपॉस्ट्रॉफी दाबून मग स्वर टाइप करायचा.

परीक्षण निनावी असेल तर नाव फक्त पहिल्या पानावरून काढून भागत नाही. फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून झेरॉक्सच्या दुकानाचं नाव असतं, ते ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’मधून काढा. ‘माझ्या आधीच्या लेखात’ असं लिहिलं की परीक्षकाला तुमचा पत्ताच मिळाला.

आता विषयाकडे. नागपूरजवळ जुनापाणीला जवळपास ३०० शिळावर्तुळं, म्हणजे गोलाकार मांडलेले दगड, आहेत. तिथल्याच भागातल्या माहूरझरीच्या वर्तुळांत घोड्यांचे अवशेष आणि तांब्याचे अलंकार मिळाले, आणि गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या केल्ट लोकांत, एपोना ही घोड्यांची देवता. इतकं हाती आलं की ‘विदर्भातले केल्ट’ असं शीर्षक सुचतंच. असा निबंध संपादकाच्या टेबलावरूनच परत येण्याची शक्यता मोठी. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या शिळावर्तुळाचे मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले. केल्टांशी जोडल्या जाणाऱ्या, मध्य युरोपातल्या हॉलस्टाट संस्कृतीचा लोहयुगी टप्पा इ.स.पू. ८०० च्या आसपास सुरू होतो, म्हणजे कितीतरी नंतर. शिळावर्तुळं ड्रुइडांच्या, म्हणजे केल्टांच्या पुरोहितांच्या, नावावर चढवली ती सतराव्या-अठराव्या शतकात ऑब्री आणि स्टुकली या इंग्रज अभ्यासकांनी. आपल्याकडची वर्तुळं लोहयुगातली आणि दफनांची. तुलना करायची तर घोड्यासोबतच्या दफनाची करा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या रथ-दफनांशी. दगड गोल मांडले एवढ्यावर थांबू नका.

चित्रं ३०० डीपीआय, नकाशावर पट्टीप्रमाण आणि उत्तर दिशा. ब्रिटिश म्युझियमची बरीच छायाचित्रं विनाव्यापारी वापराच्या परवान्याखाली मिळतात. बाकी संग्रहालयांची परवानगी लेखी घ्या.

ओजेएसला गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो पत्रांसाठी: ओजेएसची पत्रं अनेकदा स्पॅममध्ये पडतात आणि सुधारणेची मुदत तिथेच संपते. आठवड्यातून दोनदा लॉगिन करून बघा. सुधारित फाइल ‘रिव्हिजन्स’च्या चौकटीतच चढवा; नवा अर्ज उघडला तर निबंध पुन्हा रांगेच्या शेवटी जातो.