डिस्ने वर्ल्डमधील शांत पायवाटा : कुठे चालावे, केव्हा चालावे

फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले आणि आज ते सुमारे शंभर चौरस किलोमीटर परिसरात पसरलेले आहे. अमेरिकेत मुलांकडे आलेले आपल्याकडचे आई-वडील नातवंडांच्या आग्रहाखातर येथे हमखास जातात, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत रांगा, ऊन व सतत वाजणारे संगीत यांनी थकून जातात. पाळण्यांत आणि रोलर कोस्टरमध्ये रस नसलेल्या, पण रोज सकाळी फिरायची सवय असलेल्या माणसाला येथे मनासारखे चालता येते का, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ही शांतता मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम या चार मुख्य पार्कांपेक्षा हॉटेलांना जोडणाऱ्या वाटांवर अधिक सापडते, आणि तिच्यासाठी पार्कचे तिकीट लागत नाही.

या सर्व वाटांत मी पहिला क्रमांक पोर्ट ऑर्लिन्स येथील नदीकाठच्या रस्त्याला देईन. येथे रिव्हरसाइड आणि फ्रेंच क्वार्टर अशी दोन हॉटेले शेजारीशेजारी आहेत, आणि त्यांना जोडणारी वाट सॅसागुला नावाच्या कृत्रिम नदीच्या कडेने, झाडांच्या सावलीतून जाते. वाट सपाट आहे, पायऱ्या नाहीत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना किंवा चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्यांनाही ती सोयीची आहे. रिव्हरसाइडच्या इमारती एकमेकींपासून दूर, झाडीत विखुरलेल्या असल्याने मुख्य वाट सोडून आतल्या वळणांवरही बराच वेळ फिरता येते. येथून डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेकडे नदीतून होडी जाते. चालून झाल्यावर तिने जाणे हा या फेरफटक्याचाच सुखद भाग आहे.

एपकॉटच्या मागील प्रवेशद्वाराबाहेर असलेल्या क्रेसेंट लेकभोवतीची फेरी याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. बोर्डवॉक, यॉट क्लब आणि बीच क्लब या हॉटेलांना स्पर्श करत जाणारी ही फेरी साधारण सव्वा किलोमीटरची आहे. संध्याकाळी येथे उपाहारगृहांची गर्दी असते, म्हणून या फेरीला शांत म्हणणे केवळ सकाळपुरतेच योग्य ठरेल. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात मात्र पळणारे मोजके लोक आणि स्वच्छता करणारे कर्मचारी यांच्याशिवाय फारसे कोणी भेटत नाही. येथूनच कालव्याच्या कडेने हॉलीवूड स्टुडिओजकडे जाणारी वाट निघते. सामान्य वेगाने वीस ते पंचवीस मिनिटे लागणारी ही वाट मला फेरीपेक्षाही अधिक आवडते, कारण बहुतेक पाहुणे होडीने किंवा २०१९ मध्ये सुरू झालेल्या स्कायलायनर या रोपवेने जातात आणि वाट चालणाऱ्यांसाठी मोकळी राहते. सावली तुटक असल्यामुळे दुपारी येथे जाऊ नये.

मॅजिक किंगडमपर्यंत ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातून चालत जाण्याची सोय २०२० मध्ये झाली. वाट चांगली आहे, पण रात्रीच्या आतषबाजीनंतर तिच्यावर मोठा लोंढा येतो.

पार्कांच्या आत निवांतपणा शोधायचा असेल तर एपकॉटमधील वर्ल्ड शोकेस या वेगवेगळ्या देशांची दालने असलेल्या भागात मुख्य रस्ता सोडून आत वळावे. सरोवराभोवतीचा तो रस्ता जवळपास दोन किलोमीटरचा आहे आणि सतत वाहता असतो. परंतु जपानच्या दालनातील तळे व बाग, मोरोक्कोच्या दालनातील अरुंद गल्ल्या आणि व्हिक्टोरिया येथील बुचार्ट गार्डन्सवरून प्रेरणा घेतलेली कॅनडाची बाग येथे तुलनेने फार कमी लोक थांबतात. ॲनिमल किंगडममध्ये महाराजा जंगल ट्रेक ही वाट आपल्या वाचकांनी अवश्य पाहावी. जुन्या राजवाड्याच्या भग्न भिंती, त्यावरची पुसट चित्रे आणि पलीकडे गवतात पहुडलेले वाघ अशी तिची रचना आहे, आणि हे भग्नावशेष आपल्याकडच्या ओळखीच्या पडझडीची आठवण करून देण्याइतक्या आस्थेने घडवलेले आहेत. याच पार्कमधील ट्री ऑफ लाइफ या अवाढव्य कृत्रिम वृक्षाच्या पायथ्याशी फिरणाऱ्या छोट्या वाटाही बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. बुंध्यावर कोरलेले प्राणी जवळून न्याहाळायचे असतील तर तेथूनच जावे. मॅजिक किंगडममध्ये पूर्वी टॉम सॉयर बेट हा असा आसरा होता. जुलै २०२५ मध्ये ते बेट आणि भोवतालची नदी नव्या पाळण्यांसाठी कायमची बंद झाली. तराफ्यानेच पोहोचता येणारे आणि म्हणूनच मोकळे राहणारे ते ठिकाण गेल्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या पार्कमध्ये त्याची जागा घेऊ शकेल असे दुसरे काही उरलेले नाही.

काही व्यावहारिक बाबी ध्यानात ठेवाव्यात. फ्लोरिडाच्या नैसर्गिक पाणवठ्यांत मगरींच्या जातीचे ॲलिगेटर असतात आणि रिसॉर्टमधील काठांवरही त्याविषयी इशारे लावलेले आहेत, त्यामुळे लहान मुलांना पाण्याच्या अगदी कडेला जाऊ देऊ नये. जून ते सप्टेंबरमध्ये दुपारनंतर विजांसह जोरदार पाऊस पडतो. विजा चमकू लागल्या की होड्या आणि स्कायलायनर थांबवले जातात, म्हणून परतीसाठी केवळ त्यांच्यावर विसंबून लांब जाऊ नये. मुक्काम दुसरीकडे असल्यास एखाद्या हॉटेलात न्याहारीचे आरक्षण करून सकाळी लवकर पोहोचावे, कारण गर्दीच्या दिवसांत आरक्षणाशिवाय आलेल्या गाड्यांना हॉटेलच्या वाहनतळावर प्रवेश मिळेलच असे नाही. चालण्यासाठी सर्वांत अनुकूल काळ नोव्हेंबर ते मार्चचा आहे, परंतु नाताळ आणि नववर्ष यांमधला आठवडा टाळावा. त्या दिवसांत क्रेसेंट लेकची सकाळही मोकळी राहत नाही, आणि तेव्हा जावेच लागले तर थेट पोर्ट ऑर्लिन्सचा नदीकाठ गाठावा.