चौकटीतलं ‘सरकारमान्य’ आणि माझ्या लेकीचा हात

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. संध्याकाळी सव्वासहाला चिऊला घ्यायला पाळणाघरात गेले, तेव्हा ती मावशींच्या कडेवर होती. एरवी मी दारात दिसले की दोन्ही हात पुढे करून झेपावायची. त्या दिवशी एकच हात पुढे आला. डावा हात कोपरात जरासा वाकून अंगालगत नुसता लोंबत होता. “घसरगुंडीवरून पडली थोडी. बर्फ लावलाय, रडली पण नाही,” असं म्हणत मावशींनी घाईघाईने बॅग माझ्या हातात दिली. बॅगेत चार वाजताच्या दुधाची बाटली भरलेली तशीच होती.

चिऊ तेव्हा एक वर्ष चार महिन्यांची होती. ‘आई’, ‘बाबा’, ‘भूभू’ यापलीकडे तिला काही सांगता येत नव्हतं. घरी आल्यावर शर्ट काढायला हात धरला तर ती अशी कळवळली की सासूबाईंनी हातातलं काम टाकलं आणि आम्ही तसेच रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “हिला कुणी एका हाताला धरून उचललं का? किंवा ओढलं?” मी घसरगुंडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. एका हाताने तिचं कोपर धरलं, दुसऱ्याने मनगट वळवलं आणि कोपर दुमडलं. चिऊ एकदाच किंचाळली. पाच-सात मिनिटांनी टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढायला तिने तोच डावा हात पुढे केला. लहान मुलांचं कोपर असं उतरतं, याला ‘पुल्ड एल्बो’ म्हणतात, असं त्यांनी समजावलं. पडून असं सहसा होत नाही. हाताला एकदम हिसका बसला की होतं. केस पेपरवर त्यांनी तसं लिहूनही दिलं. तो कागद पुढे आमच्या हातात उरलेला एकमेव पुरावा ठरला.

एक गोष्ट आधीच सांगते. असं कोपर घरातही उतरतं. आजोबांनी नातवाला लाडाने हाताला धरून झुलवलं तरी उतरतं. त्यामुळे इजा झाली एवढ्यावरून मी कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. कुणी मला “मॅडम, डायपर बदलायला नेताना हिसका बसला, चूक झाली” असं सांगितलं असतं, तर मी रागावले असते, रडले असते आणि बहुधा तिथेच थांबले असते. पण मला खोटं सांगितलं गेलं. त्या एका खोट्याचा माग काढत गेले आणि मग पाळणाघराबद्दल आम्हाला जे जे सांगितलं होतं ते एकेक करून उघडं पडलं.

हे पाळणाघर आम्ही डोळे मिटून निवडलं नव्हतं. आम्ही वाकडला राहतो, दोघांचीही नोकरी हिंजवडीत. माझ्या कंपनीच्या एचआरने ‘टाय-अप’ असलेल्या पाळणाघरांची यादी दिली होती, त्यात याचं नाव होतं. कंपनीच्या यादीत आहे म्हणजे कुणीतरी तपासलं असेल, हे मी गृहीत धरलं. रिसेप्शनच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत भारत सरकारची मुद्रा असलेलं प्रमाणपत्र होतं, बोर्डावर ‘सरकारमान्य’ लिहिलेलं होतं. पाच मुलांमागे एक मावशी, सगळ्या मावश्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन, मोबाईलवर दिवसभर लाइव्ह कॅमेरा. डिपॉझिट वीस हजार, महिन्याला साडेनऊ हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. म्हणजे पहिल्याच दिवशी अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपये मोजले.

कॅमेऱ्यासाठी मी अडून बसले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण आठवत असेल. ते सीसीटीव्हीचं चित्रण मी टीव्हीवर पाहिलं होतं आणि तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं, तरी ते मनातून गेलं नाही. म्हणून ॲपवर चित्र दिसतंय म्हटल्यावर मी निश्चिंत झाले. ऑफिसमध्ये दर तासाला उघडून बघायची. हॉलमध्ये मुलं खेळताना दिसायची, रंगीत चटई, बॉल. चिऊ दिसली नाही तर वाटायचं, झोपली असेल. झोपायची खोली, डायपर बदलायची जागा आणि जेवणाचं टेबल यांपैकी काहीच त्या ॲपमध्ये नव्हतं, हे चार महिन्यांत माझ्या ध्यानातच आलं नाही. जिथे मुलं सगळ्यात जास्त मोठ्यांच्या हातात असतात, नेमक्या त्याच जागा वगळल्या होत्या.

डॉक्टरांकडून आल्यावर रात्रीच मी पाळणाघराच्या मॅडमना फोन करून त्या दुपारचं फुटेज मागितलं. “हो हो, नक्की देते, तुमचीच मुलगी आहे,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी टेक्निशियन गावी गेला होता. मग शनिवार-रविवार आला. मग पासवर्ड सापडत नव्हता. सगळं फोनवर, सगळं गोड आवाजात. अकराव्या दिवशी उत्तर आलं, “अहो, ते ओव्हरराइट झालं.” ओळखीच्या सीसीटीव्ही बसवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, लहान हार्ड डिस्क आणि कॅमेरे जास्त असले की आठवडाभरातच जुनं पुसून नवं चढतं. म्हणजे मला रोज ‘उद्या’ सांगणारीला नेमकं किती दिवस काढायचे आहेत हे माहीत असणार. माझ्या वकिलांनी नंतर विचारलं, लेखी मागितलं होतं का? नव्हतं. व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली असती, ‘अमुक तारखेचं दुपारी दोन ते सहाचं सर्व कॅमेऱ्यांचं फुटेज जपून ठेवा’, तरी नंतर ते पुसलं गेल्याचा जाब विचारता आला असता. मुलाला काही लागलेलं दिसलं तर डॉक्टरांकडे जाता जाता रिक्षात बसून ही ओळ पाठवा. त्याच दिवशी. मी हे हात जोडून सांगते आहे.

मग मी ती चौकट नीट वाचली. ते ‘उद्यम’ नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. लघुउद्योगासाठी कुणीही स्वतःची माहिती ऑनलाइन भरून ते फुकट मिळवू शकतं. त्याच्या शेजारी गुमास्त्याची पावती होती. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती निघायची. व्यवसाय चालू आहे, एवढंच हे दोन्ही कागद सांगतात. जागा बाळांसाठी सुरक्षित आहे का, मावश्या किती आहेत, गॅस कुठे ठेवलाय, हे त्यांच्यासाठी कुणी येऊन पाहिलेलं नसतं. पोलीस व्हेरिफिकेशनच्या फाइलमध्ये तर घरमालकाने पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती लावली होती! मावश्यांपैकी एकीचंही चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र नव्हतं. मी ती फाइल प्रवेशाच्या वेळी हातात घेतली होती. वर पोलिसांचं नाव पाहिलं आणि मिटवून परत दिली.

महिन्याभराने भाजी घेताना तिथून काम सोडलेली एक मावशी भेटली. तिने आधी आजूबाजूला बघितलं. “ताई, माझं नाव घेऊ नका. बावीस पोरं होती आणि आम्ही दोघी. त्या दिवशी तिसरी आलीच नव्हती. बाळ बाथरूमकडे निघालं म्हणून एकीनं हाताला धरून मागं ओढलं. मुद्दाम नाही केलं. पण मॅडम म्हणाल्या, घसरगुंडी सांगायचं.” त्या मावशीला महिन्याला सात हजार मिळायचे. माझ्या एका मुलीचे साडेनऊ.

मी चिऊला काढलं आणि पैसे परत मागितले, तेव्हा मॅडमचा आवाज पहिल्यांदा बदलला. त्यांनी माझ्या सहीचा प्रवेश अर्ज पुढे केला. चौथ्या पानावर बारीक अक्षरात होतं: पाल्यास झालेल्या कोणत्याही इजेस संस्था जबाबदार राहणार नाही, भरलेली रक्कम परत मिळणार नाही. “सही तुमचीच आहे ना?” मी गप्प बसले. दोन रात्री झोपले नाही. माझ्याच सहीने मी लेकीला उघड्यावर टाकलं असं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी वकिलांनी तो अर्ज वाचून बाजूला ठेवला. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते, कारण त्या वाक्याला घाबरून गप्प बसलेले पालक मला नंतर बरेच भेटले. आई-बापाच्या सहीने गुन्हा माफ होत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण केली किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यातून मुलाला त्रास होण्याची शक्यता असली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेच कृत्य मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने केलं, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे पैसे घेऊन मूल सांभाळणाऱ्यावर कायदा जबाबदारी जास्त टाकतो. राहिला पैशांचा भाग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी आणि खोटी जाहिरात या दोन्हींसाठी जिल्हा आयोगात जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, हे मला माहीत होतं. आपल्या मुलासाठी आपणही ती फिरवू शकतो हे सुचलं नाही.

पोलीस ठाण्यात आम्ही अर्ज दिला, शिक्का मारलेली प्रत घेतली. फुटेज नाही, मावशी पुढे यायला तयार नाही, मूल बरं झालेलं. पुढे काही सरकलं नाही.

कंपनीबद्दलही बोलायला हवं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागत होती आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागत होतं. नोकरीवर घेताना हे लेखी कळवायचंही होतं. मला कुणी कळवलं नाही. चार महिन्यांत मी कामाच्या वेळेत एकदाही तिथे गेले नाही; सुट्टी मागायला लाज वाटायची. मी एचआरला विचारलं, यादीतली ठिकाणं कुणी पाहून आलं होतं का? उत्तर मिळालं की यादी ‘व्हेंडर’कडून आली होती. माझ्या लेखी तक्रारीनंतर ते नाव यादीतून निघालं, एवढं खरं.

वकिलांची नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांत मॅडमचा फोन आला. डिपॉझिट आणि उरलेले आगाऊ पैसे मिळून जवळपास तीस हजार द्यायला त्या तयार होत्या. फक्त एका कागदावर सही हवी होती: मुलीला कोणतीही इजा झालेली नाही व आमची काही तक्रार नाही. नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे दिला. मी सही केली नाही. पैसे अजून मिळालेले नाहीत, ग्राहक आयोगातली तक्रार चालू आहे.

मागच्या महिन्यात सोसायटीतल्या एका नव्या आईने मला विचारलं, ते कोपऱ्यावरचं नवीन पाळणाघर कसं आहे? मी तिच्याबरोबर बघायला गेले. बोर्ड नवा, नाव नवं, भिंतींना फिका हिरवा रंग दिलेला. रिसेप्शनवर सोनेरी चौकटीत तेच प्रमाणपत्र होतं.