‘काइंड ऑफ’, ‘आय गेस’ शिकवणारा ऑनलाइन इंग्लिश कोर्स, माझा अनुभव

६ आठवड्यांचा स्पोकन इंग्लिश कोर्स मागच्याच महिन्यात संपवला. ग्रामर मला येत होतं, पण यूकेच्या क्लायंटशी बोलताना मी थेट ‘यू आर राँग’ म्हणायचे आणि समोरचा गप्पच व्हायचा, तर मॅडमनी पहिल्याच क्लासला सांगितलं की ‘आय थिंक’, ‘मेबी’, ‘सॉर्ट ऑफ’ हे उगाच घुसवलेले शब्द नाहीत, त्यांनी वाक्याची धार कमी होते, आपण ‘जरा’, ‘तसं’, ‘बहुतेक’ लावतो ना अगदी तसंच. ‘सेव्हनिश’ म्हणजे सातच्या आसपास, हेही तिथेच कळलं.

सगळ्यात भारी भाग ‘क्वाइट’चा! ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर बऱ्याचदा ‘बरं आहे’ एवढंच, अमेरिकन म्हणाला तर ‘खूप छान’, आणि ‘क्वाइट राइट’ म्हणजे मात्र पूर्ण बरोबर. टोन ऐकवून ऐकवून समजावलं त्यांनी, हे पुस्तकातून कळलंच नसतं.

खटकलं एवढंच की लिहिताना काय करायचं ते शिकवलं नाही, रिपोर्टमध्ये ‘काइंड ऑफ’ शोभत नाही, तिथे ‘समव्हॉट’ लागतं, हे मला नंतर ऑफिसात कळलं. ज्यांचे रोज फॉरेनचे कॉल असतात त्यांनी नक्की करा.