ठाणे-वाशी लोकलमधले दोन पहिले अल्बम

ठाण्याला खिडकी मिळाली की मी फुगाझी या अमेरिकन रॉक बँडचा १९९०चा ‘रिपीटर’ लावतो. घणसोली येईपर्यंत जो लॅलीची बास गिटार डोक्यात ठाण मांडून बसते. इयन मकाय आणि गी पिचोटो यांच्या गिटारी तिच्या अंगावर धावून येतात, मध्येच गप्प होतात. खरी गंमत त्या गप्प होण्यात आहे.

धाकट्या भावाचा जीव मात्र ॲट द ड्राइव्ह-इन या बँडच्या १९९६च्या ‘ॲक्रोबॅटिक टेनेमेंट’वर. टेक्सासमधल्या एल पासोच्या या पोरांनी तो जेमतेम ६०० डॉलरमध्ये उरकला, आणि ते ऐकू येतं: गिटारी पातळ, डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम आणलेली खरखर, जवळपास नाहीच. पुढे गिटारसाठी ओळखला गेलेला ओमार रॉड्रिगेझ तर इथे चक्क बासवर! गाणारा जीव तोडून ओरडतो, हे कबूल. पण तुर्भ्याला गर्दी चढली की त्या गिटारी ऐकूच येत नाहीत.