‘आय७ आहे साहेब’ : नाशिकमध्ये फोटो एडिटिंगसाठी पीसी घेताना होणारी फसवणूक

पंचवटीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरला व्हॉट्सअॅपवर आलेलं कोटेशन असं होतं: ‘इंटेल कोर आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११, फोटोशॉप टाकून. ३८ हजार फायनल.’ यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, तरी माणूस पुरता फसला. आत निघाला आय७-२६००. हा प्रोसेसर बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थाच्याही चार वर्षं आधी.

असे पीसी एकाच साच्यातून निघतात. कंपन्यांच्या जुन्या मशिनांतून काढलेले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय७ (२६००, ३७७०) स्वस्तात मिळतात. त्यांच्यासाठी एच६१ चिपसेटचे मदरबोर्ड चीनमध्ये आजही नव्याने बनतात, त्यावर एनव्हीएमईचा (वेगवान एसएसडीचा) स्लॉटही असतो. नवं खोकं, नवा बोर्ड, काचेचं कॅबिनेट, लुकलुकणारे पंखे. जुना असतो तो नेमका प्रोसेसर, आणि तो कूलरखाली झाकलेला.

दुकानात मशिन झटकन सुरू होतं, कारण एसएसडी आहे. ब्राउझर उघडतो, गाणं वाजतं, गिऱ्हाईक खूश. खरं काम पडतं ते घरी. लग्नाच्या हजारभर रॉ फाइल (कॅमेऱ्यातले मूळ, जड फोटो) लाइटरूममध्ये घेऊन १:१, म्हणजे पूर्ण आकाराचे, प्रिव्ह्यू बनवायला लावले की हा चार कोअरचा प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाऊन बसतो आणि बाकी काहीच करू देत नाही. त्यात इंटेलने एव्हीएक्स२ इन्स्ट्रक्शन (एका फटक्यात जास्त आकडेमोड करणाऱ्या आज्ञा) दिल्या २०१३ च्या चौथ्या पिढीपासून; २६०० आणि ३७७० मध्ये त्या नाहीतच. ज्या सॉफ्टवेअरला त्या लागतात ते इथे चालत नाही. ‘फोटोशॉप टाकून देतो’ यातली मेख हीच आहे. टाकलेली असते जुनी, चोरटी आवृत्ती. ती चालते, म्हणून संशय येत नाही.

विंडोज ११ चंही तसंच. अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. जुन्यावर ते तपासणी चुकवून बसवलेलं असतं, आणि अशा मशिनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मागे जायलाही जागा नाही. रॅम वाढवावी म्हटलं तर बोर्डावर डीडीआर३ चे दोन स्लॉट, कमाल १६ जीबी. लाइटरूम आणि फोटोशॉप एकत्र उघडून काम करणाऱ्याला ३२ हवी. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदलायचं.

आणि ते ‘४ जीबी ग्राफिक्स’? बहुतेक वेळा जीटी ७३०. आकडा ४ चा, पण या कार्डाचं डायरेक्टएक्स फीचर लेव्हल (कार्डाला ग्राफिक्सची कोणती कामं जमतात त्याची पातळी) १२_० पर्यंत पोचत नाही आणि फोटोशॉप-लाइटरूम बनवणारी अॅडोबी तेवढं मागते. एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणं) तर जवळपास सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं. त्या कामाला या कार्डाचा उपयोग शून्य.

विक्रेत्याचं हमखास वाक्य: ‘हा ३.४ गिगाहर्ट्झ आहे साहेब, नवा आय५ फक्त २.५ चा.’ दोन्ही आकडे खरे आहेत. आय५-१२४०० चा बेस (किमान हमीचा वेग) २.५ आहे, पण टर्बो (गरजेला गाठायचा वेग) ४.४, सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आणि एका हर्ट्झमागे होणारं काम कितीतरी जास्त. आय३-१२१०० सुद्धा २६०० इतकेच चार कोअर आणि आठ थ्रेड घेऊन त्याला मागे टाकतो. वेगवेगळ्या पिढ्यांच्या गिगाहर्ट्झची तुलना करणाऱ्या माणसाकडून प्रोसेसर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एएमडी घेतला म्हणून सुटका नाही. ‘रायझन ५’ या नावात २०१७ चा १६०० ही बसतो. कोटेशनमध्ये ५६०० आणि आत ५५००, हा बदल तर फारच सोपा: दोन्हींना सहा कोअर, पण ५६०० ला एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्ड-एसएसडी जोडणारा मार्ग) ४.०, तर ५५०० ला १६ एमबी आणि ३.०. इंटेलमध्ये शेवटचं ‘एफ’ बघा. १२४००एफ मध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं. चांगलं कार्ड घेणारच असाल तर एफ स्वस्त पडतो आणि चालतो. पण किंमत साध्याची लावून एफ बसवला, तर कार्ड बिघडलं त्या दिवशी पडदा काळा.

म्हणून कोटेशनवर ‘आय७’ नको, पूर्ण क्रमांक हवा. तोच क्रमांक पक्क्या बिलावर. प्रोसेसर बॉक्स पॅक आहे की ट्रे (खोक्याविना सुटा), हेही लिहून घ्या. इंटेलच्या बॉक्स प्रोसेसरला कंपनीची किमान तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवाल्याला विकणाऱ्याचीच. खोकं समोर फोडायला सांगा आणि कूलरची पेस्ट लावण्याआधी प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाचा फोटो काढा. झाकणावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ कोरलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना आहे, विकायचा मालच नाही.

बाकीचे पैसे देण्याआधी पेनड्राइव्हवरून सीपीयू-झेड (आतला प्रोसेसर कोणता ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा. विंडोजच्या ‘अबाउट’ पानावरचं नाव रजिस्ट्रीत बदलता येतं, त्यावर विसंबू नका. सीपीयू-झेडमध्ये स्पेसिफिकेशन, कोअर आणि सॉकेट बघा: २६०० आणि ३७७० चं सॉकेट ११५५, बाराव्या पिढीचं १७००. मेमरीच्या पानावर डीडीआर४-३२०० साठी १६०० च्या आसपास दिसेल. तो निम्मा आकडा बरोबर आहे, तिथे भांडू नका. ग्राफिक्स कार्डासाठी तसंच जीपीयू-झेड उघडा, बनावट ग्राफिक्स कार्डाच्या नावाआधी तो ‘फेक’ लिहून दाखवतो. डिस्क तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ (किती तास चालली) हजारांत असतील तर एसएसडीही वापरलेली.

मग स्वतःच्या कॅमेऱ्याच्या पन्नास रॉ फाइल तिथेच एक्स्पोर्ट करा. सोबत तापमान बघा. नवा इंटेल १०० अंशांना टेकून वेग कमी करत असेल, तर अनेकदा कूलरच्या चार पिनांपैकी एखादी नीट बसलेली नसते. एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये हा दोष लपत नाही. दुकानदार चाचणीला नाही म्हणाला, तर कॉलेज रोड आणि शरणपूर रोडला दुसरी दुकानं आहेत.

फसल्यावर कॅबिनेट एकट्याने उघडून बसू नका. उघडायचंच तर सलग व्हिडिओ घ्या. कोटेशनचे चॅट, बिल, सीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट जमवून दुकानदाराला लेखी कळवा. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. दिलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटी पोर्टलवर तपासता येतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथेही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहक नाही’ असं ऐकवलं जाईल. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने ‘धंद्यासाठी’ मधून वगळलेली आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच. आणि पीसी मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवलेला असला, तरी राहणाऱ्याला तक्रार नाशिकलाच करता येते.