ओव्हरक्लॉकसाठी एसएमपीएस: ६५० ब्राँझ, ८५० गोल्ड की १००० प्लॅटिनम?

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. ६५० ते १००० हे त्याचे वॅट, आणि ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम हे ‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचे चढते दर्जे. ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायची असेल, तर यातला कोणता घ्यावा? समजा, मशीनमध्ये इंटेलचा आय७-१४७००के प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० टीआय सुपर ग्राफिक्स कार्ड आहे. प्रोसेसरची टर्बो मर्यादा, म्हणजे पूर्ण वेगात तो ओढेल ती वीज, २५३ वॅट, कार्डाची २८५, बाकी सगळं मिळून साठेक. बेरीज सहाशेच्या आत, म्हणजे ६५० पुरेल असं वाटतं. पण चिपला लागणारी वीज क्लॉकच्या, म्हणजे वेगाच्या, पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२५ व्होल्टचे १.३५ केले आणि क्लॉक पाच टक्के चढवला, की २५३चे साधारण ३१० होतात. कार्डाची पॉवर लिमिट दहा टक्के वाढवली तर तेही ३१३वर जातं. बेरीज ६८०च्या पुढे!

म्हणजे या मशीनसाठी ६५० ब्राँझ बादच. कार्ड साधं आरटीएक्स ४०७०, म्हणजे २०० वॅटचं असेल आणि फक्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा असेल, तर चांगल्या कंपनीचा ६५० निभावून नेईल.

खरी अडचण बेरजेपेक्षा झटक्यांची असते. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरती सरासरीच्या कितीतरी जास्त वीज ओढतं. एसएमपीएससाठीच्या २०२२च्या एटीएक्स ३.० नियमांनुसार, १६ पिनी कनेक्टर देणाऱ्या मोठ्या एसएमपीएसने क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद सोसायला हवा. जुन्या डिझाइनचा एसएमपीएस अशा वेळी स्वतःला वाचवायला बंद पडू शकतो. गेममध्येच मशीन बंद झालं की आपण ओव्हरक्लॉकला दोष देतो आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, व्होल्टेज आणखी वाढवत बसतो. त्याने झटके मोठेच होतात.

म्हणून माझी पसंती ८५० गोल्डला, आणि बॉक्सवर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं पाहूनच. पूर्ण ताणातही तो ८० टक्क्यांवर राहतो आणि झटक्यांना जागा उरते. बिल वाचेल म्हणून मात्र गोल्ड घेऊ नका. ४०० वॅट लोडवर ब्राँझपेक्षा वीसेक वॅट वाचतात. रोज चार तास खेळलात तरी वर्षाला तीसेक युनिट. शिवाय ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, व्होल्टेज किती स्थिर आहे ते नाही. त्यासाठी त्याच मॉडेलचे लोड टेस्ट आणि वॉरंटी बघा. सात-दहा वर्षांची वॉरंटी असेल तर कंपनीला आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांवर, भरवसा आहे असं धरायला हरकत नाही.

१००० प्लॅटिनम? ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० असेल तर जरूर. नाहीतर गोल्डपेक्षा दोनेक टक्के जास्त कार्यक्षमतेसाठी मोजलेले पैसे कूलरवर घाला.

लोडशेडिंग असलेल्या घरात ८५०चा आणखी एक फायदा होतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचे काही मिलिसेकंद एसएमपीएस आतल्या कपॅसिटरवर काढतो, आणि लोड क्षमतेपेक्षा जितका कमी तितका तो जास्त वेळ टिकतो. एटीएक्स ३.१मध्ये पूर्ण लोडला १२ मिलिसेकंद अपेक्षित आहेत, ८० टक्क्यांना १७. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे तो पटकन सुरू होईल. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मात्र या मशीनला पेलणार नाही.

मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा, एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते. चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले तर एसएसडी जळते.